उमेदवारीची किंमत कोणी मोजावी?

उन्हाळा सुरू झाला की शहरांत वातानुकूलन यंत्रे दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकची वाट मोठ्या आतुरतेने पाहिली जाते. त्याच्याबरोबर शिडी आणि गॅसची टाकी घेऊन येणारा मदतनीस बहुधा विशीच्या आतबाहेरचा असतो. मात्र तोच तिशी ओलांडलेला, पदवी घेतलेला आणि कारकुनी सोडून आलेला गृहस्थ असला, तर चहाचा कप पुढे करणाऱ्या घरधन्यालाच संकोच वाटतो. ‘एवढे शिकून शेवटी हेच का?’ हा प्रश्न कोणी बोलून दाखवीत नाही. पण तो विचारला गेलेला असतोच.

वस्तुतः विचारावयास हवा तो प्रश्न वेगळाच आहे. प्रौढ वयात नवा धंदा शिकू पाहणाऱ्या माणसाच्या शिक्षणाचा खर्च कोणी सोसावा, हा तो प्रश्न होय. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा त्याच्या आड येत नाही. त्यात किमान वयाची अट आहे, कमाल वयाची नाही. तथापि याच कायद्यानुसार शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे. त्याला मिळते ते वेतन नसून विद्यावेतन असते. २०१९ च्या नियमदुरुस्तीने त्याची किमान मर्यादा शिक्षणानुसार दरमहा ५,००० ते ९,००० रुपये अशी ठरविली. या मोजपट्टीत वयाला आणि संसाराला स्थान नव्हते.

समजा, दरमहा १८,००० रुपये मिळविणारा एखादा कारकून ९,००० रुपयांवर उमेदवारी पत्करतो. दोन वर्षांत त्याने २,१६,००० रुपये सोडलेले असतात. सतरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हा त्याग नगण्य असतो, कारण त्याने सोडावे असे उत्पन्नच नसते. घरभाडे आणि मुलांची फी डोक्यावर असलेल्या माणसाला मात्र उमेदवारी ही चैन ठरते.

मग मालकाने अधिक द्यावे काय? मालकाचीही बाजू आहे. गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने १९६४ साली ‘ह्यूमन कॅपिटल’ या ग्रंथात दाखवून दिले की, जे कौशल्य कोणत्याही मालकाकडे चालते, त्याचा खर्च मालक आपण होऊन सोसत नाही. शिकणाराच तो कमी मोबदल्याच्या रूपाने भरतो. तांब्याच्या नळीला निर्दोष जोड देणे किंवा कॉम्प्रेसरचा बिघाड ओळखणे हे असेच कौशल्य आहे. आज शिकविलेला माणूस उद्या शेजारच्या दुकानात जाईल, ही मालकाची भीती अनाठायी म्हणता येत नाही.

परंतु या धंद्यात तिसराही एक पक्ष आहे, तो म्हणजे समाज. अर्धवट शिकलेला मेकॅनिक जुना गॅस बिनदिक्कत हवेत सोडतो. जुन्या यंत्रांतील आर-२२ हा वायू ओझोनच्या थराला घातक आहे. शिवाय त्याचा एक किलो सुटला, तर शंभर वर्षांच्या हिशेबाने सुमारे १,८०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवितो. नव्या यंत्रांतील आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे, तर आर-२९० म्हणजे प्रत्यक्ष प्रोपेन होय. तेथे अज्ञान जिवावर बेतू शकते. चांगल्या शिक्षणाचा लाभ असा सर्वांना मिळत असेल, तर त्याचा भार एकट्या शिकणाऱ्यावर टाकणे न्यायाचे नाही आणि शहाणपणाचेही नाही.

शासनाला हे अगदीच उमगले नाही, असे नव्हे. २०१६ साली सुरू झालेल्या शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत केंद्राने विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, कमाल १,५०० रुपयांपर्यंत, उचलला. २०१९ च्या राष्ट्रीय शीतकरण कृती आराखड्याने २०२२-२३ पर्यंत एक लाख तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणाचे उद्दिष्ट ठेवले. पण २०१९ च्याच नियमांनी उमेदवार घेण्याची सक्ती केली ती तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांवर. चारपेक्षा कमी माणसांची दुकाने या व्यवस्थेबाहेरच राहिली. दुरुस्तीचा धंदा गल्लोगल्ली चालतो तो नेमका अशाच दुकानांतून. तेथला ‘हेल्पर’ शिकतो खरा, पण त्याला ना करार, ना विद्यावेतन, ना प्रमाणपत्र. पाचव्या मजल्याच्या कठड्याबाहेर लोंबकळून काम करताना पाय घसरला, तर नोंदलेल्या उमेदवाराला भरपाईचा कायदा लागू होतो. या हेल्परला दाद मागताना आपण तेथे कामाला होतो, येथूनच सिद्ध करावे लागते.

उपाय अवघड नाहीत. अनेक मालकांनी एकत्र येऊन प्रशिक्षण देण्याची मुभा कायद्यात आहे. एका वस्तीतील दहा छोट्या दुकानांनी जवळच्या आयटीआयच्या साहाय्याने संयुक्तपणे उमेदवार घ्यावेत आणि कायद्याने त्यांना ते सुकर करून द्यावे. त्याचबरोबर पंचविशीनंतर येणाऱ्या उमेदवाराच्या विद्यावेतनात शासनाने वाढीव भर घालावी. प्रौढाने धंदा बदलणे हे अपयश नसून, बदलत्या अर्थव्यवस्थेची ती गरज आहे, हे मान्य केल्याची ती खूण ठरेल.

पदवीधरांना आपण हाताने काम करण्याचा उपदेश उदंड केला. तो ऐकून एखादा खरोखरच पान्हा हाती घेतो, तेव्हा त्याचे बिल मात्र त्याच्या बायकामुलांच्या नावे फाडले जाते. श्रमाची प्रतिष्ठा भाषणांनी वाढत नाही. उमेदवारीच्या काळात त्या घराची चूल पेटती राहिली, तरच ती वाढेल.