रांग कोणाची मोजली जाते?

सरकारी इस्पितळात शस्त्रक्रियेची तारीख महिनोन् महिने मिळत नाही आणि खाजगी इस्पितळात आज गेलेला रोगी उद्या टेबलावर घेतला जातो. तेव्हा वैद्यकसेवेचा सर्व कारभार खाजगी हाती सोपवावा, असा युक्तिवाद हल्ली शिकलेसवरलेले लोक करू लागले आहेत. त्यांत आपल्या समाजातील नोकरदार मंडळीही आहेत, ही खेदाची गोष्ट होय.

खाजगी इस्पितळात रांग दिसत नाही, कारण ज्याच्या गाठीला पैसा नाही तो त्या दारात उभाच राहत नाही. अनामत रक्कम जमविण्यासाठी दागिना गहाण टाकण्यात व सावकाराचा उंबरठा झिजविण्यात त्याचे जे दिवस जातात, ते कोणत्या वहीत नोंदले जातात? इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेत खोळंबलेल्या उपचारांची संख्या २०२३ साली ७७ लाखांवर गेली. आकडा लाजिरवाणा खराच. परंतु तो उघड आहे. १८ आठवड्यांची मुदत तेथील सेवेने स्वतःवर घालून घेतली आहे, म्हणून जाब तरी विचारता येतो.

अर्थात सरकारी इस्पितळांच्या पापावर पांघरूण घालण्याचे आम्हांस कारण नाही. ८ जुलै १९९२ रोजी पश्चिम बंगालमध्ये शेतमजुरांच्या समितीचा एक सभासद आगगाडीतून पडला. डोक्यास जबर इजा झाली. त्यास एकामागून एक सरकारी इस्पितळांत फिरविण्यात आले. कोठे खाट नव्हती, कोठे साधने नव्हती. अखेर खाजगी इस्पितळात सुमारे १७,००० रुपये खर्चून त्याच्यावर उपचार झाले. समिती त्याच्यासह सर्वोच्च न्यायालयात गेली. वेळेवर उपचार न देणे हा घटनेच्या २१ व्या कलमाचा भंग होय, व पैशाची टंचाई ही सरकारची सबब होऊ शकत नाही, असा निर्णय न्यायालयाने १९९६ साली दिला. भरपाई मिळाली २५,००० रुपये. कोणी गरीब आजाऱ्यावर उपकार करावेत, असे ह्या निर्णयात कोठेही नाही. त्यात हक्काची भाषा आहे.

ती भाषा आपल्या लोकांच्या तोंडी अजून पुरती रुळलेली नाही. इस्पितळाच्या ओसरीवर दोन दिवस ताटकळलेली आई ‘आमचे भोग’ म्हणून कपाळाला हात लावते. पूर्वजन्मीच्या कर्मामुळे दुःख वाट्यास येते, ह्या मताचा बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ह्या ग्रंथात साफ निषेध केला. खाट नसणे हे पूर्वसंचित नसून अंदाजपत्रकाचे फळ आहे!

महाराष्ट्रात धर्मादाय इस्पितळांना सरकारी सवलती मिळतात. त्याबदल्यात १० टक्के खाटा निर्धनांस विनामूल्य व १० टक्के दुर्बल घटकांस सवलतीच्या दरात द्याव्यात, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली घालून दिली आहे. ह्या खाटांवर खरोखर कोण निजतो, ह्याची चौकशी गावोगावच्या बौद्ध मंडळांनी का करू नये? ‘खाट नाही’ असे उत्तर मिळाल्यास ते लेखी मागावे, आणि तक्रार धर्मादाय आयुक्तांकडे करावी. सरकारी इस्पितळाने पुढची तारीख दिली, तर तीही कारणासह लेखीच घ्यावी.