दमछाक मोजणारी वही

लिओनेल मेस्सीच्या १४ डिसेंबर २०२५ रोजीच्या मुंबईभेटीत वानखेडे स्टेडियमवर 'प्रोजेक्ट महादेवा'चा मोठा गाजावाजा झाला. तेरा वर्षांखालील ६० मुला-मुलींना निवडून पाच वर्षे फुटबॉलचे प्रशिक्षण देण्याची राज्य सरकारची ही योजना आहे. त्याआधी सप्टेंबर २०१७ मध्ये 'मिशन वन मिलियन'च्या निमित्ताने राज्यभर शाळाशाळांतून चेंडू उडाले होते. २०२३ मध्ये बायर्न म्युनिक क्लबच्या सहकार्याने चौदा वर्षांखालील मुलांची निवड झाली. निवडीचा उत्साह दांडगा आहे. निवडलेल्या आणि न निवडलेल्या मुलांच्या शरीरावर रोज किती भार पडतो, हे मोजण्याची तयारी मात्र कोठे दिसत नाही.

मोठ्या क्लबांचे खेळाडू पाठीवर जीपीएस यंत्र असलेली बंडी घालून सराव करतात. कोण किती धावला, किती वेळा वेग घेतला, हे ते यंत्र सांगते. तो बाह्य भार. त्या धावण्याची किंमत शरीराने किती मोजली, हा आंतरिक भार. तेच पाच किलोमीटर एका मुलाला सहज जमतात, दुसऱ्याला पार थकवून टाकतात, आणि एप्रिलच्या उन्हात तर तोच मुलगा वेगळा ठरतो. हृदयाचे ठोके मोजावेत, तर '२२० वजा वय' हे प्रचलित सूत्र ढोबळ आहे. व्यक्तीगणिक दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. वाढत्या वयात तर ते अधिकच बेभरवशाचे.

अमेरिकी शास्त्रज्ञ कार्ल फॉस्टर यांनी रूढ केलेली पद्धत यापेक्षा साधी आहे. सराव संपल्यावर अर्ध्या तासाने खेळाडूला विचारायचे, 'शून्य ते दहामध्ये आजचा सराव किती जड गेला?' उत्तराला सरावाच्या मिनिटांनी गुणायचे. ६० मिनिटांना ७ गुण, तर भार ४२०. ९० मिनिटांना ४, तर ३६०. म्हणजे कमी वेळाचा सराव जास्त जड ठरू शकतो. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांच्या श्रममापन श्रेणीवर ही पद्धत उभी आहे. खर्च एका वहीचा आणि पेन्सिलीचा. मुले सुरुवातीला गुरुजींना बरे वाटेल तोच आकडा सांगतात, हा दोष खरा. पण कमी आकड्याबद्दल शाबासकी आणि जास्तीबद्दल बोलणी बंद झाली, की तो बराच कमी होतो.

ही वही बालेवाडीपेक्षा मोरगावसारख्या गावात अधिक मोलाची आहे. बारामती म्हटले, की कालव्याचे पाणी आणि ऊस डोळ्यांपुढे येतो; मयूरेश्वराचे मोरगाव मात्र तालुक्याच्या जिरायती पट्ट्यात येते. अशा भागातला मुलगा मैदानावर येण्याआधीच सायकल दामटून, गुरांचे पाणी-वैरण उरकून आलेला असू शकतो. जीपीएसची बंडी सरावाच्या वेळी अंगात चढते, त्यामुळे तिला हे श्रम दिसत नाहीत. मुलाने सांगितलेल्या 'आठ'मध्ये ते येतात.

मुलींच्या बाबतीत प्रश्न आणखी खोल आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक महिलांना रक्तक्षय आहे. रक्तात हिमोग्लोबिन कमी असले, की त्याच धावण्याला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात आणि श्रमही जास्त जाणवतात. संघातली एखादी मुलगी हलक्या सरावालाही सातत्याने ८ किंवा ९ सांगत असेल, तर तिला आळशी ठरवण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासायला पाठवले पाहिजे.

अडचण आकडेमोडीची नाही. शालेय स्पर्धांच्या हंगामात चपळ मूल फुटबॉल, खो-खो आणि धावणे या तिन्हींत उतरवले जाते आणि प्रत्येक मार्गदर्शक आपापल्या खेळापुरता विचार करतो. उंची झपाट्याने वाढण्याच्या वयात गुडघ्याखालच्या हाडावर येणारा ताण अशाच आठवड्यांत दुखण्यावर जातो. तेव्हा ही वही खेळाच्या नावाने न ठेवता मुलाच्या नावाने ठेवावी लागेल, आणि तिन्ही शिक्षकांनी सराव ठरवण्याआधी ती उघडावी लागेल.