प्रवासखर्च आधी द्या

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांची ऑनर्स पदवी आणली, प्रत्यक्षानुभवातून शिक्षणाचा पुरस्कारही केला. उत्तम! परंतु त्यासाठीच्या प्रवासाचे पैसे कोणी द्यावयाचे? १९९३ साली उजेडात आलेली सांगे तालुक्यातील उसगाळीमळची कातळशिल्पे इतिहासाच्या विद्यार्थ्याने चित्रातच पाहावयाची काय? कुशावतीच्या काठी उभे राहिल्यावाचून जांभ्यावर कोरलेल्या त्या वृषभांचे आकारमान ध्यानी येत नाही. वर्गणी न परवडणारा हुशार मुलगा मात्र ‘घरी काम आहे’ असे सांगून मागे राहतो. विद्यापीठाने व सरकारने याकरिता स्वतंत्र तरतूद करावी. आधी खर्च करा, पावत्या जोडा, मग वाट पाहा, हा सरकारी खाक्या येथे नको. ज्याच्या खिशात बसभाडेच नाही, तो पावती कोठून आणणार? सहल निघण्यापूर्वीच रक्कम महाविद्यालयाच्या हाती पडावी, अशी आमची मागणी आहे.