पांच ओळींचें इंग्रजी

मुलांस इंग्रजी शिकवावें कसें, हा प्रश्न आपल्या घरांतून सुमारें दीडशें वर्षें चर्चिला जात आहे, आणि त्यावरचा अखेरचा तोडगा आपणच काढला असें प्रत्येक पिढीस वाटत आलें आहे. आमच्या पिढीचा तोडगा व्याकरण आणि भाषांतर हा होता. प्रस्तुत लेखकानें तोच मार्ग वर्गांत वर्षानुवर्षें चालविला. त्याचें फळ असें झालें कीं, विद्यार्थ्यास कर्तरि प्रयोगाचा कर्मणि करतां येई. पण खिडकीबाहेर पाऊस पडत असतां तेवढेंच इंग्रजींत बोलून दाखविण्याची त्याची छाती होत नसे. जून २००० पासून महाराष्ट्रांतील मराठी शाळांत पांचवीऐवजीं पहिलीपासून इंग्रजी सुरू झालें; तरी ती भीड पुरती मोडली असें म्हणवत नाहीं.

निवृत्तीनंतर करकंबास आमच्या ओसरीवर सायंकाळीं आठदहा मुलें जमतात. त्यांच्यासाठीं एक निराळा उपाय योजून पाहिला, त्याची हकीकत या खेपेस वाचकांस सादर करितों. उपाय इतकाच कीं, मुलांकडून इंग्रजींत अगदीं लहान लहान कविता करवून घ्यावयाच्या.

ज्यांस धड वाक्य जुळवितां येत नाहीं त्यांजकडून कविता कशा होणार, असा आक्षेप कोणीहि घेईल. त्याचें उत्तर आपल्याच पाठशाळांत आहे. संस्कृताच्या विद्यार्थ्यास समस्या घालण्याची चाल जुनी आहे. एक चरण गुरूनें द्यावा, उरलेले शिष्यानें रचावे. सांचा ठरलेला असला म्हणजे किती बोलावें आणि कोठें थांबावें ही चिंता मिटते, आणि काय बोलावें एवढीच उरते. अनुष्टुभाचीं बत्तीस अक्षरें किंवा आर्येच्या बारा, अठरा, बारा व पंधरा मात्रा नवशिक्यास कठड्यासारख्या उपयोगी पडतात. ज्यांस अक्षरओळखहि नव्हती अशा बायकांनीं जात्यावर किती ओव्या रचाव्या? हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांच्या संग्रहांतच त्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. ओवीचा सांचा हाताशीं नसता, तर यांतील बहुतेक सुखदुःख न बोललेंच राहिलें असतें.

आरंभ हायकूपासून केला. जपानांतील या त्रिपदी काव्याची मराठीस ओळख शिरीष पै (१९२९–२०१७) यांनीं करून दिली. पांच, सात, पांच अशी त्याची मोजणी. जपानी लोक जें मोजतात तें आपल्या मात्रेच्या जवळचें आहे. दीर्घ स्वर तेथें दोन धरला जातो. टोक्यो या नांवांतील दोन्ही स्वर त्यांच्या उच्चारांत दीर्घ, म्हणून तें नांव चार भरतें. इंग्रजींत ही सोय नाहीं. तेथें आपल्या वृत्तशास्त्रांतल्या अर्थानें अक्षरें मोजावीं लागतात, म्हणजे जितके स्वर उच्चारांत येतील तितकीं अक्षरें, मग भोवतीं व्यंजनें कितीहि असोत.

या मोजणीनें एक अनपेक्षित लाभ झाला. 'स्कूल' हें इंग्रजींत एकाक्षरी. आमचीं मुलें 'इस्कूल' म्हणून त्याचीं दोन करीत. 'फिल्म' एकाक्षरी, तिची 'फिलिम' होऊन ओळ एका अक्षरानें लांबे. मग बोटें पुन्हां मोजावयाचीं, पुन्हां म्हणून पाहावयाचें. "उच्चार सुधारा" असें शंभरदां बजावून जें साधलें नव्हतें, तें ओळ मापांत बसविण्याच्या हट्टानें आठवड्याभरांत साधलें.

दुसरा प्रकार सिंकेन या नांवाचा, पांच ओळींचा. ॲडलेड क्रॅप्सी (१८७८–१९१४) या अमेरिकन कवयित्रीनें दोन, चार, सहा, आठ, दोन अशा बावीस अक्षरांचा हा सांचा बनविला. शाळामास्तरांनीं पुढें तो सोपा करून अक्षरांऐवजीं शब्द धरले: पहिल्या ओळींत एक नाम, दुसरींत दोन विशेषणें, तिसरींत तीन क्रियावाचक शब्द, चौथींत चार शब्दांचें एक वाक्य, आणि शेवटीं पुन्हां एक नाम. एकूण अकरा शब्द. व्याकरणाच्या चार धड्यांचें काम यांत होतें आणि मुलास तें कळतहि नाहीं.

येथें माझीच एक चूक सांगितली पाहिजे. ऊसतोडीस बीडकडून येणाऱ्या टोळीतला एक मुलगा दिवाळीनंतर आमच्या ओसरीवर येऊं लागला. दोन महिने तो इंग्रजींतला एक शब्दहि बोलला नाहीं. सिंकेनच्या दिवशीं त्यानें पाटी पुढें केली. तीवर लिहिलें होतें:

कार्ट.
ओल्ड, हेवी.
गोइंग, गोइंग, स्टॉपिंग.
माय मदर स्लीप हिअर.
होम.

'स्लीप'पुढें शेवटचा 'स' मीं घातला, तें योग्यच होतें. पण तिसऱ्या ओळींत एकच शब्द दोनदां आलेला पाहून मीं त्यावर काट मारली आणि दुसरा शब्द शोधण्यास सांगितलें. तो खालीं मान घालून म्हणाला, "गुरुजी, गाडी नुसती चालतीच की. दुसरं काय करती?"

मीं खडू घेऊन तो शब्द माझ्या हातानें पुन्हां लिहिला. तीन निराळे शब्द हवेत हा नियम माझ्या ध्यानांत होता; गांवामागून गांव चालणारी गाडी त्याच्या ध्यानांत होती. व्याकरणाची चूक शिक्षकानें सुधारावी. पण मुलानें जें स्वतः पाहिलें त्यावर काट मारण्याचा अधिकार त्यास नाहीं. माझ्या नोकरीच्या वर्षांत अशा किती ओळींवर लाल रेघ ओढली असेल, याचा हिशेब त्या रात्रीं मनांत चालला होता.

ज्या घरांत नातवंडें इंग्रजी शाळांत आहेत किंवा परदेशीं आहेत, त्यांनींहि हा खेळ अवश्य करून पाहावा. आजीनें मराठींत पांच ओळी कराव्या, नातवानें इंग्रजींत. विषय एकच असावा. यमकाचा आग्रह आरंभीं धरूं नये. इंग्रजी यमक डोळ्यांस फसवितें: 'कम' आणि 'होम' यांचीं शेवटचीं तीन अक्षरें लिहितांना सारखीं, पण उच्चार जुळत नाहीं. एडवर्ड लिअरच्या १८४६ मधील पुस्तकानें प्रसिद्धीस आलेलें लिमरिक मौजेचें खरें. परंतु त्यांत यमकाबरोबर आघातहि सांभाळावे लागतात, म्हणून तें दुसऱ्या वर्षाकरितां राखून ठेवावें.

तो मुलगा उन्हाळ्याच्या तोंडीं टोळीबरोबर परत गेला. जातांना त्यानें ती कविता वहींत उतरून नेली. तिसरी ओळ त्याच्याच शब्दांत आहे.