चुका हा चुकाच राहू द्यावा

अम्लरसाच्या द्रव्यांविषयी आपल्या व्यवसायात फार जुना नामसंभ्रम आहे. ‘चुक्र’ हा शब्द कोठे चुक्याच्या भाजीला, कोठे चांगेरीला, तर संधानकल्पनेत एका आंबट पेयालाही लावलेला आढळतो. ग्रंथातील असे अनेकार्थ संदर्भाने उलगडतात. बाजारातील गोणीला मात्र संदर्भ नसतो. अम्लवेतस म्हणून मागविलेल्या मालात कधी रेवंदचिनीच्या जातीचे वाळवलेले देठ, तर कधी चुका हाती पडतो.

चरकांनी सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात अम्लवेतसास भेदनीय, दीपनीय व आनुलोमिक द्रव्यांत अग्रस्थान दिले आहे. लवणभास्कर चूर्णातील ते एक घटकद्रव्य आहे. आयुर्वेदिक फॉर्म्युलरी ऑफ इंडियाने त्यासाठी गार्सिनिया पेडनक्युलाटा हा आसामकडील वृक्ष स्वीकारला असून त्याचे फळ औषधात येते. चुका ही रुमेक्स व्हेसिकेरियस नावाची हंगामी पालेभाजी आहे. दोन्ही आंबट आहेत, एवढ्या साम्यावर एकाच्या जागी दुसरे घालणे हे प्रतिनिधिद्रव्य नव्हे, ती रुग्णाची फसवणूक होय.

यावर उपाय म्हणजे चुका स्वतः लावणे. ज्याने रोप वाढताना पाहिले, त्याला ओळख पुस्तकात शोधावी लागत नाही. चुक्याचे पान मांसल, लांब देठाचे. चांगेरीची तीन हृदयाकृती पर्णके व पिवळी फुले जमिनीलगत पसरतात. आश्विन-कार्तिकात, निचऱ्याच्या जमिनीत कुजलेले शेणखत मिसळून सपाट वाफ्यात बी पेरावे व मातीचा पातळ थर द्यावा. ओल टिकवावी, पाणी साचू देऊ नये. दाट रोपे विरळ करावीत. महिना-दीड महिन्यात बाहेरची पाने खुडावीत, मधला कोंब राखावा. ऊन वाढताच तुरे येतात व पाने निबर होतात. त्यापूर्वीच स्वरसासाठी काढणी संपवावी आणि बियांसाठी काही रोपे राखावीत. नाल्याचे पाणी व कीटकनाशके वर्ज्य करावीत, कारण स्वरस कच्चाच दिला जातो.

चुक्यात ऑक्झलेटचे प्रमाण मोठे असते, हेही विसरू नये. अळूच्या भाजीत चुका घालणाऱ्या गृहिणीला त्याच्या आंबटपणाचा उपयोग ठाऊक आहे; मूत्राश्मरीच्या रुग्णाला तो वर्ज्य सांगणे हे वैद्याचे काम आहे. मग अम्लवेतसाच्या नावाखाली तो नकळत त्याच रुग्णाच्या पोटात गेला, तर पथ्य सांगण्याला अर्थ काय उरला?

औषधनिर्मात्यांनी खरेदीपत्रकात अम्लवेतसापुढे वनस्पतीचे शास्त्रीय नाव व उपयुक्त अंग लिहावे, माल त्याबरहुकूम नसल्यास परत करावा. वैद्यांनीही औषध घेताना तशी विचारणा करावी. विचारणारा ग्राहक असला, म्हणजे सांगणारा व्यापारी आपोआप सावध होतो.