मांडूचा मंडन आणि आपला रोजमेळ

‘वेळ नाही’ हे वाक्य आपल्या पेढ्यांवर इतक्या अभिमानाने उच्चारले जाते की जणू ते एखादे बिरुदच आहे. सकाळी दुकान उघडावे, रात्री कुलूप लावावे, आणि मधला सारा दिवस मालाची आवक, गिऱ्हाईक, वसुली, कराची विवरणपत्रे व हातातील मोबाईल यांनी गिळून टाकावा, हा आपला नित्यक्रम झाला आहे. परंतु गजबज आणि काम या दोन वस्तू एक नव्हेत. रोजमेळात रकमा पुष्कळ चढल्या म्हणजे नफा झालाच, असे कोणता जाणता मुनीम म्हणेल?

या संदर्भात माळव्यातील मांडूचे स्मरण होते. धारच्या पवारांमुळे हा प्रदेश मराठी माणसास परका नाही आणि मांडवगड म्हणून जैन समाजाचे ते तीर्थही आहे. पंधराव्या शतकात, हुशंग शहाच्या काळी, तेथे मंडन नावाचा श्रीमाळी जैन गृहस्थ मंत्रिपदी होता. धन व अधिकार यांचा भार वाहत असतानाच त्याने काव्य, अलंकार, संगीत आणि व्याकरण या विषयांवर संस्कृत ग्रंथ रचले. त्यांपैकी ‘कादंबरीमंडन’ या ग्रंथाची जन्मकथा आपल्या विषयास फार जवळची आहे. माळव्याच्या अधिपतीस बाणभट्टाची कादंबरी ऐकण्याची इच्छा होती. परंतु राज्यकारभारामुळे एवढी दीर्घ कथा ऐकण्यास सवड नव्हती. त्याने मंडनास ती थोडक्यात सांगण्यास सुचविले आणि मंडनाने ती संक्षेपाने श्लोकबद्ध केली.

सवड नाही म्हणून अधिपतीने इच्छा टाकून दिली नाही. आणि ‘मलाही सवड नाही’ असे मंत्र्याने उत्तर दिले नाही. याच मांडूत 1439 साली लिहिली गेलेली कल्पसूत्राची सचित्र पोथी आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्या बाजारातील त्या दिवसाचे भाव कोणाच्या स्मरणात आहेत?

कोणी म्हणेल, मंत्र्याच्या हाताखाली माणसे होती. आमच्या दुकानात मालकच हमाल आणि मालकच मुनीम. हा आक्षेप खोटा नाही. दिवसभर राबणाऱ्या लहान दुकानदारास ग्रंथ लिहिण्याचा उपदेश करणे ही त्याच्या कष्टांची थट्टा होईल. परंतु ज्याचे भांडवल थोडे, त्याने ते अधिक पारखून गुंतवावे, हा व्यापाराचा न्याय वेळेसही लागू आहे.

ही पारख आपल्याला नवी नाही. श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंडविरमण, म्हणजे निष्कारण केल्या जाणाऱ्या सदोष कृतींचा त्याग, सांगितला आहे. हस्तिदंत, लाख, विष इत्यादींचे व्यापार पंधरा कर्मादानांत गणून वर्ज्य ठरविले आहेत. म्हणजे ‘यात किती मिळेल’ याच्या आधी ‘हे करावे काय’ हा प्रश्न विचारण्याची शिस्त आपल्या घरातलीच आहे. ती आपण धंद्याच्या निवडीपुरती मानली. दिवसाच्या तासांना लावली नाही.

म्हणून माझे मत असे की, दिवाळीत वहीपूजन होते तेव्हा वर्षभराच्या कामांचीही खतावणी करावी. ज्या सौद्यात धावपळ फार आणि हाती व्याजही पडत नाही, जी बुडीत उधारी केवळ हट्टापायी वर्षानुवर्षे मागितली जाते, जी बैठक केवळ खुर्चीसाठी भरविली जाते, ती खाती निःसंकोच बंद करावीत. मुलांना हिशेब आणि दिलेला शब्द पाळणे शिकविणे, जुन्या नोकराच्या आजारपणात त्याच्या दारी जाणे, रोज घटकाभर वाचणे, ही खाती आधी उघडावीत. यांस कर नाही. यांची वसुलीही उशिरा होते. पण होते.

बाणाची कादंबरी त्याच्या हातून अपुरीच राहिली. ती त्याच्या पुत्राने पूर्ण केली. आपलीही कामे अपुरी राहणारच. मुलांनी ती आनंदाने हाती घ्यावीत, अशी त्यांतली किती आहेत, हे प्रत्येक सभासदाने आपल्या गादीवर बसून एकदा मोजावे.