इतर मासे

लातूरला बँकेत होतो तेव्हाची गोष्ट. एका वयस्कर भोई गृहस्थांनी तळ्यावरच्या मासेमारीसाठी कर्ज मागितले. अर्जात ‘माशांचा प्रकार’ असा रकाना होता. त्यांनी कटला, रोहू सांगितले आणि मग मांजरा नदीतल्या सात-आठ माशांची नावे घडाघडा म्हटली. मला घाई होती. मी लिहिले, ‘इतर मासे’. कर्ज मंजूर झाले, फिटलेही. ती नावे मात्र गेली. आज एकही आठवत नाही.

निवृत्तीनंतर नांदेडला शास्त्रीय नावांचा नाद लागला आणि ही चूक टोचू लागली. ही नावे म्हणजे जीभ अडखळवणारे लॅटिन, असा माझा समज होता. पण प्रत्येक नावात एक हकिगत असते. १९३८ साली दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झाला असे मानलेला, खोल समुद्रातला एक मासा जाळ्यात आला. त्याचे नाव पडले लॅटिमेरिया चालुम्नी. त्यात तो ओळखून जपणाऱ्या मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर यांचे आडनाव आहे आणि जिच्या मुखाजवळ तो सापडला त्या नदीचेही.

आपल्या नद्यांचे काय? कर्नल साइक्स हा कंपनी सरकारचा अधिकारी दख्खनभर हिंडला. १८३९ साली त्याने इथल्या माशांची नावे जाहीर केली, ती पुष्कळशी कोळ्या-भोयांच्या तोंडची उचलून. मिस्टस सींगटी म्हणजे आपली शिंगटी. गारा मुल्या म्हणजे दगडाला चिकटून राहणारा मळ्या. महाशीराच्या एका जातीला त्याने ‘खुद्री’ म्हटले. शास्त्रज्ञांनी पुढे गणगोत बदलले, तरी हे दुसरे नाव टिकले. १९५२ साली सी. व्ही. कुलकर्णी यांनी कृष्णेच्या खोऱ्यातल्या एका माशाला चक्क ‘खवलचोर’ हे नाव दिले. दुसऱ्या माशांची खवले खाणारा तो! जगभरच्या ग्रंथांत आज तो मराठी नावानेच वावरतो.

साइक्सचे काम कंपनीच्या मुलखातले. नांदेड-लातूर तेव्हा निजामाकडे, म्हणून आमच्या काठावरचे शब्द त्याच्या वहीत उतरले नाहीत. आता बाजारात कटला, रोहू आणि चिलापी. बाकी सगळे ‘बारीक मासे’. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणले. पाणी आणता आले. विसरलेला शब्द कुठल्या गाडीने आणणार?

मी बँकेतला माणूस. नाव नसलेल्या ठेवीला वारस मिळत नाही, एवढे जाणतो. ज्या माशाला नाव नाही, तो नदीतून गेला तरी त्याची चौकशी कोण करील? नांदेडला १९९४ पासून विद्यापीठ आहे, गावोगावी प्राणिशास्त्र शिकवणारी महाविद्यालये आहेत. विद्यार्थ्यांनी बाटलीतल्या माशाची आकृती काढावीच. पण एक दिवस नदीकाठी जाऊन आजोबा-आजींना त्याचे नावही विचारावे.

आणि आपणही विचारू या. स्पेलिंग चुकले तरी चालेल. साइक्सचेही कुठे बरोबर होते?